गार झाल्यावर पुन्हा कसावे

१२ ऑगस्ट १९६१, शनिवार

ही डायरी मला जानेवारीत एका टायरच्या दुकानात फुकट मिळाली. पहिल्या पानावर नाव घातलं, राघोत्तम, खाली एक रेघ मारली, आणि सात महिने झाले. पोंगलला लिहिणार होतो, राहिलं. नोकरी बदलली त्या दिवशी लिहिणार होतो. मग ती दुसऱ्यांदा बदलली. म्हटलं, जरा स्थिर होऊ दे, मग लिहू. रोज रात्री उशाशी घेतो आणि तिने डास मारून झोपतो. कव्हरावर डाग आहेत ते त्याचे.

मराठीत लिहितोय कारण मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनच्या या मॅन्शनात बावीस खोल्या, सगळे सडेफटिंग, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं वाचायची खोड. तमिळ, तेलुगु, इंग्रजी, सगळं वाचतात. बालबोध लिपी कोणाला येत नाही. अप्पांनी तंजावरात छडी मारमारून शिकवलेल्या अक्षरांचा हा पहिला उपयोग. अप्पा शाळामास्तर. माझ्याबद्दल त्यांचं एकच वाक्य: "ह्याने आरंभलेलें एक तरी काम पुरें केलेलें मी पाहिलें नाही." इंटर अर्धं, टायपिंग अर्धं, कोइमतूरच्या पंपांच्या कंपनीत आठ महिने, कोडंबाक्कमला सिनेमाच्या स्टुडिओत दिवे वाहणं दोन महिने. त्यांचं खरं आहे, म्हणूनच राग येतो.

आज लिहायला बसलो कारण आज हंबीररावांनी मला शब्द दिला.

हंबीरराव म्हणजे माझे मालक. एग्मोर स्टेशनच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मोटारदुरुस्तीचा कारखाना, चार गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढा. तेही तंजावरचे. पूर्वज राजाच्या पागेत होते, हे स्वतः लढाईत लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत होते. मी त्यांना मामा म्हणतो, त्यांच्या बायकोला, राजसबाईंना, मामी. घर कारखान्याला लागूनच. मामांची एक रीत आहे. नव्या माणसाने वर्षभर कारखान्याच्या हत्यारांवर काम करायचं. मग माणूस टिकला असं वाटलं तर विजयादशमीला त्याला स्वतःची पेटी द्यायची, पाने, हातोडी, फीलर गेज, सगळं, झाकणावर त्याचं नाव घालून. पंधरा वर्षांत चौघांना दिली. मला येऊन पाचच महिने झालेत. तरी आज म्हणाले, "राघोत्तमा, ही गाडी नीट उतरव. ह्या विजयादशमीला तुझी पेटी."

गाडी म्हणजे जुनी मॉरिस मायनर. मालक रत्नाकर म्हणून पुण्याचे, रंगाच्या कंपनीत साहेब, नुंगंबाक्कमला बंगला. त्यांना फेब्रुवारीत शोलावरमच्या शर्यतीत उतरायचंय. लढाईतली ती जुनी विमानाची धावपट्टी, तिच्यावर मोटारी पळवतात. गाडी उतरली तर मेकॅनिक म्हणून मी आत, प्रेक्षकांना अडवायच्या दोरीच्या अलीकडे.

दोरीच्या पलीकडून मी आयुष्यात पुष्कळ पाहिलंय.

२७ ऑगस्ट, रविवार

इंजिन उघडलं. ह्या मॉडेलाचे व्हाल्व ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी बसवलेत. वरचं हेड म्हणजे नुसतं लोखंडी झाकण. श्वास वाकडातिकडा घ्यावा लागतो बिचारीला. रत्नाकर म्हणतात, हेडचंच काहीतरी करा.

मामांचा बेत: हेच झाकण पुदुपेटला कृष्णस्वामीच्या मशीनवर द्यायचं, फेसिंगने तळ तासून साठ थाउ, म्हणजे इंचाचे साठ हजारांश, काढायचे. आतली जागा कमी, दाब जास्त, जोर जास्त. ब्लॉकमधल्या वाटा घासून गुळगुळीत करायच्या. बस.

"साठच का?" रत्नाकर म्हणाले. "शंभर काढा की."

"शंभर काढिलें तर व्हाल्व उठून हेडला डोकें आपटील, साहेब. आणि आपलें पेट्रोल कसलें तें तुम्हांस ठाऊक. दाब वाढविला की टकटक करून पिस्टन खातें."

रत्नाकर हसले. "हंबीरराव, तुमचं मराठी ऐकलं की बखर वाचल्यासारखं वाटतं. 'काढिलें, वाढविला'!"

"आमची मराठी घोड्यावर बसून आली, साहेब. तुमची परवा रेल्वेने आली. थोडी धूळ राहणारच."

आम्ही दोघे हसलो. रत्नाकरही हसले, पण मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, की साठ थाउने काय होणार, शेवटून दुसरा येईन. मला मान हलवायची नव्हती. हलली.

४ सप्टेंबर, सोमवार

मामांनी पुदुपेटला गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमध्ये बसणारं पातळ अस्तर, आणायला पाठवलं. गॅस्केट राहिलं. वाटेत एक माणूस जुन्या जहाजाचं होकायंत्र विकत होता, त्याच्यापाशी तासभर गेला. ते उत्तर दाखवत नव्हतं, सारखं कूम नदीकडे वळत होतं. त्याच्या मागच्या भंगारवाल्याकडे लाकडी खोकं, आणि खोक्यात गवतात गुंडाळलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड!

आपल्याच इंजिनाचं. विलायतेत कोणीतरी खास बनवलेलं. व्हाल्व वर, हेडमध्येच, रॉकर, पुशरॉड, म्हणजे ते व्हाल्व हलवणारे दांडे, सगळं बरोबर. निलगिरीतला एक चहामळेवाला गोरा देश सोडून गेला, त्याच्या सामानातलं. एकदाच बसवून काढलेलं दिसतं. सोबत छापील सूचनांचा कागद. मी खोक्यावर बसून तो दोनदा वाचला. मला पुस्तकात गोडी नाही, पण हा कागद मी सिनेमाच्या जाहिरातीसारखा वाचला.

मामांना न विचारता रत्नाकरांना त्यांच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच.

५ सप्टेंबर

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "गॅस्केट कुठें?"

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज फैसला. हेड कारखान्यात टेबलावर, रत्नाकर, मामा, मी, आणि पुदुपेटहून कृष्णस्वामी आलेला. कृष्णस्वामी तमिळच, पण मराठी घरांत कामं करून मोडकंतोडकं बोलतो. त्याने निळा रंग लावून हेड सपाट लोखंडी पाट्यावर घासून पाहिलं. कुठे वर-खाली नाही. मग मामांनी आतून रॉकेल सोडलं आणि बाहेरून खडूची भुकटी चोळली. चीर असेल तर खडू ओला होतो. आम्ही चौघे एका हेडकडे पाऊण तास बघत बसलो, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे. खडू कोरडा राहिला.

"चांगला माल आहे," कृष्णस्वामी म्हणाला. "पण हंबीरराव, लोखंडाचं हेड थोडं कमी-जास्त कसलं तरी बसून राहतं. हे तसलं नाही. तापलं की नटांच्या लोखंडी स्टडपेक्षा जास्त फुगतं, गॅस्केट दाबतं. गार झालं की आकसतं. मग नट सैल."

"तेंच म्हणतो मी," मामा म्हणाले. "राघोत्तमा, वाच त्या कागदांत काय आहे तें."

मामांना इंग्रजी वाचता येत नाही. मी मराठीत करून वाचलं: नट मधल्यापासून बाहेर, दिलेल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत कसावे. इंजिन अर्धा तास चालवावं. पूर्ण गार होऊ द्यावं. गार झाल्यावर पुन्हा कसावे. त्याशिवाय गाडी वेगाने चालवू नये. शेवटच्या वाक्याखाली त्या मळेवाल्याने की कोणी पेन्सिलने दोन रेघा मारल्यात.

मामा बराच वेळ त्यांच्या फेसिंगच्या बेताबद्दल बोलले. फेब्रुवारीपर्यंत पाच महिने, लोखंडी हेडवर गाडी शिकून घेऊ, पुढच्या वर्षी हे बसवू. शांतपणे बोलत होते. मी मध्येच म्हणालो, "मामा, तुम्हाला भीती वाटते." सगळ्यांसमोर म्हणालो. असं का म्हणालो ते आता कळत नाही.

मामा मला म्हणाले, "होय, वाटतें." मग रत्नाकरांना म्हणाले, "सरी, बरें. बसवूं. कागद राघोत्तमाने वाचलाय. ह्या हेडची जोखीम त्याची. मी पाहतो, हात त्याचे."

रत्नाकरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या हाताला सेंटचा वास होता.

२२ सप्टेंबर

काही नाही. व्हाल्व घासतोय. पेस्ट लावायची, काठी दोन तळहातांत धरून फिरवायची, उचलायची, पाहायचं. आठ व्हाल्व. मामी म्हणाल्या, ताक घुसळायला घरी बोलावते तुला.

८ ऑक्टोबर, रविवार

पुशरॉड लांब पडत होते. दोन दिवस गेले. मी म्हणालो, मळेवाल्याने दुसऱ्याच इंजिनाचे घातलेत. चूक माझी निघाली, दांड्यांखालची बुचं उलटी बसवली होती. मामांनी एका बोटाने दाखवलं आणि चहा प्यायला गेले, म्हणजे मी त्यांच्यादेखत काढायला नको.

अशा वेळी हा माणूस मला सहन होत नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

चालू झालं!

संध्याकाळी पाचला. पहिल्या दोन हँडलला खोकलं, तिसऱ्याला पेटलं, आणि आवाज! शिवणयंत्राचा होता तो आता वेगळाच झालाय. रत्नाकर ऑफिसातून टायसकट धावत आले. अर्धा तास चालवलं, पाणी तापेपर्यंत. मग बंद.

मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आता रात्रभर गार होऊं दे. उद्या आयुधपूजा. नऊ वाजतां हत्यारें देवीपुढे जातील, मग विजयादशमीच्या पूजेपर्यंत कोणी पान्याला हात लावायचा नाही. म्हणून उद्या तू सातला ये. काट्याचा पाना मी बॉनेटवर काढून ठेवितो. नट कस, मग पाना देवीला दे."

काट्याचा पाना म्हणजे लष्करातून आणलेला मोजून कसायचा पाना. त्याच्यावर काटा आहे, किती जोर लागला ते दाखवतो. असला एकच आहे. मामा तो स्वतःच्या कपाटात ठेवतात.

परवा माझी पेटी. अप्पांना पत्र लिहायला घेतलं. "ती. अप्पांस सा. न." इतकंच लिहून झालं.

१८ ऑक्टोबर, बुधवार, आयुधपूजा

साडेसहाला निघालो, हे खरं आहे. लिहून ठेवतो.

लॉरी स्टँडपाशी सगळ्या लॉऱ्या धुऊन, केळीचे खांब बांधून, हार घालून ओळीत. पुरोहित आलेला. एकच लॉरी चालू होईना. पूजेला गाडीचं इंजिन चालू पाहिजे, आणि ड्रायव्हर रडायच्या बेतात: "वर्षभर चालली, आजच देवासमोर मान खाली घालायला लावते!" पाने सगळे कुंकू लावून थाळीत बसलेले, कोणी उचलायला तयार नाही. मी म्हटलं, पाना नकोच. डिस्ट्रिब्युटरचं झाकण क्लिपांचं असतं, हाताने निघतं. आत पॉइंट काळे पडलेले. काडेपेटीच्या बाजूने घासले. पेटली. त्यांनी मलाच हार घातला, प्रसादाचा पोंगल खायला लावला, दृष्ट काढायचा भोपळा फोडताना पुढे उभं केलं. शंभर माणसं टाळ्या वाजवत होती. इतक्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या.

पोचलो तेव्हा पावणेदहा.

मामा फुलं आणायला बाजारात गेले होते. सगळी हत्यारं फळीवर, देवीच्या तसबिरीपुढे, गंध-कुंकू लावून. काट्याचा पाना मधोमध. मामी एकट्याच. म्हणाल्या, "बॉनेटवर बसून बसून पाना कंटाळला. शेवटीं नऊला मीच पुसून देवीपुढे ठेविला. कुठें होतास रे?"

मी लॉरीचं सांगितलं. हसल्या त्या, पोट धरून. मग हसणं थांबलं. "आणि नट?"

"उद्या सकाळी पूजा उतरली की पहिलं काम. इंजिन तोवर गारच असणार. मामांना आज नका सांगू. आजच्या दिवशी उगाच."

त्या चुरमुऱ्यांच्या परातीकडे वळल्या. "उद्या विसरूं नकोस हो. तुझ्या भरंवशावर गप्प बसतें मी."

मामा आले, म्हणाले, झालं का? मी झालं म्हणालो. मामी चुरमुऱ्यात चणे मिसळत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. बाई समजूतदार आहेत.

१९ ऑक्टोबर, गुरुवार, विजयादशमी

(२१ तारखेला लिहितोय.)

सातच्या आधी पोचलो. नट कसायलाच आलो होतो. पूजा उतरली. मामांनी फळीमागून पेटी काढली, हिरवा रंग, पांढऱ्या अक्षरात नाव. मराठीत घातलं होतं. रंगवणाऱ्याला लिपी येत नाही, म्हणून मामींनी स्वतः खडूने काढून दिली होती. मी मामांच्या पाया पडलो. कोणाच्या पाया पडताना आजवर मला लाज वाटायची. त्या दिवशी नाही वाटली. नंतर मी एकेक पाना काढून पाहत बसलो. पाहत बसलो.

तेवढ्यात रत्नाकर आले, गाडीसाठी हार, हातात कॅमेरा, आणि बातमी: शर्यतींच्या क्लबने आजच पट्टी सरावाला उघडलीय, अकरा वाजेपर्यंत. "शुभमुहूर्त आहे, हंबीरराव! आज नाही तर कधी?" आणि दार उघडून, आत बसून, किल्ली फिरवून इंजिन चालू केलं. मी "थांबा" म्हणायच्या आत.

इंजिन तापायला लागलं की झालं. कागदात लिहिलंय, गार झाल्यावर. परत गार व्हायला दुपार झाली असती. आणि सांगायला लागलं असतं का ते.

मामांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "राघोत्तमा, नट कसले होतेस ना काल?"

मामी दारात कुंकवाचं पाणी घेऊन उभ्या होत्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"कसले, मामा."

मामींच्या हातातली थाळी थोडी कलली, लाल पाणी पायरीवर सांडलं. मग त्या आत गेल्या. चाकांखालची लिंबं मीच ठेवली. चारही फुटली.

शोलावरमला पहिल्या दोन फेऱ्या, काय सांगू. गाडी उडत होती. दोरीच्या अलीकडे उभा होतो मी, हातात माझी पेटी, आणि क्लबचे दोन साहेब विचारत होते, हेड कोणी बसवलं? रत्नाकर पुढून जाताना माझ्याकडे बोट दाखवून गेले.

तिसऱ्या फेरीत वळणावर पांढरी वाफ. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधलं गॅस्केट उडालं. पाणी आत, पाणी चाकांखाली. गाडी दोनदा गोल फिरून गवतात थांबली, मागून येणारी हातभर अंतराने वाचली. मामा आणि मी धावत गेलो. मी बॉनेट उघडायला हात घातला, मामांनी मला खांद्याला धरून मागे ओढलं आणि स्वतः उघडलं. वाफ आणि उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत.

रत्नाकर ओरडत होते. मराठी संपलं की इंग्रजी, इंग्रजी संपलं की मराठी. "रस्त्याकडेच्या मिस्त्र्याकडे गेलो हीच माझी चूक!"

मामा ओल्या फडक्यात हात गुंडाळून म्हणाले, "चूक माझी, साहेब. नट कसले म्हणून ऐकिलें, पण हात लावून पाहिलें नाही. पाहायला पाहिजे होतें."

मी तिथेच उभा होतो. बोलणारच होतो. एवढ्यात क्लबचे लोक आले, मग डॉक्टर, मग गाडी ओढायची दोरी शोधायची होती आणि ती मलाच शोधायला लावली.

२२ ऑक्टोबर

तीन दिवस विचार करतोय. दोष कोणाचा? रत्नाकरांचा. किल्ली फिरवायची घाई कोणी केली? तो मळेवाला, ज्याला हे हेड नको होतं म्हणून टाकून गेला. सूचना लिहिणारे, ज्यांच्या देशात आयुधपूजा नसते. मामांचा नियम, दिवस-रात्र पान्याला हात लावायचा नाही. देवीला काय, दहा मिनिटं एक पाना कमी पडला असता? आणि ती लॉरी.

सगळी यादी केली. माझं नाव घालायला पान उरलं होतं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

रत्नाकर गाडी मोठ्या गॅरेजकडे घेऊन गेले. हेड वाकलंय. कारखान्यात आता एकच बस आणि एक पाण्याचा पंप. मामांचा हात अजून पट्टीत. पाना धरता येत नाही, मला सांगतात आणि मी करतो. एक अक्षर बोलत नाहीत त्याबद्दल. हेड काढायच्या आधी डाव्या हाताने त्यांनी एकेक नट पाहिला होता, आणि प्रत्येकापाशी खडूने खूण केली होती, किती सैल ते. सगळ्यांपाशी खूण होती. मग सगळ्या फडक्याने पुसून टाकल्या. गरम होऊन सैल झाले असं वाटलं असणार त्यांना.

मामी जेवायला वाढतात. पूर्वी दोनदा विचारायच्या, भात घालू का. आता घालतात.

माझ्या पेटीला अजून हात लावलेला नाही. कारखान्याची हत्यारं वापरतो.

५ नोव्हेंबर, रविवार

परवा दीपावळी. मॅन्शन अर्धं रिकामं, सगळे गावाला. मी गेलो नाही.

सकाळी रत्नाकर इथे आले. इथे, ट्रिप्लिकेनच्या जिन्यावर, नाकाला रुमाल लावून. खाटेवर बसले. त्या दिवशी बोललो ते मनावर घेऊ नकोस म्हणाले. तू हुशार आहेस, हेड तूच शोधलंस, म्हातारा तर पहिल्यापासून भीत होता. मोठ्या गॅरेजशी बोललोय, तुला घेतील. नवं हेड मुंबईहून मागवतोय, तूच बसवायचं. फेब्रुवारीत शोलावरमला तू आत.

मग खिशातून टाइप केलेला कागद. क्लबच्या कमिटीने विचारलंय, पट्टीवर पाणी कसं सांडलं, दुसरी गाडी वाचली म्हणून, नाहीतर! कोणाच्या कामात कसूर ते लिहून दिलं नाही तर रत्नाकरांचा प्रवेश रद्द. कागदात माझ्या नावाने तीन वाक्यं. नट पुन्हा कसायची जबाबदारी कारखान्याचे मालक हंबीरराव यांची होती. मी त्यांना तशी आठवण दिली होती. त्यांनी ती मानली नाही.

मी म्हणालो, "मग मामांना शोलावरमला येऊ देणार नाहीत."

"त्यांना हवंच कुठे होतं? त्यांना तर साठ थाउ पाहिजे होते. आणि त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर मान्य केलंय, तू नवीन काय लिहितोस?"

"आठवण दिली होती, असं नाही झालेलं."

"अरे, तूच तर तो कागद वाचून दाखवलास! ती आठवणच की. मी खाली ओळखीच्यांकडे जाऊन येतो. तासाभराने सही करून देतोस?"

नट मी कसलेच नव्हते हे त्यांना काय माहीत. त्यांना खरंच माहीत नाही. या सगळ्यात सरळ माणूस तेच निघाले, आणि मला तेच सगळ्यात नकोसे.

ते गेल्यावर मी कागद चार वेळा वाचला. इंग्रजी चांगलं आहे. मामांचं नाव त्यात हंबीर राव असं तोडून घातलंय, दोन माणसं असल्यासारखं. विचार केला, मामांचं वय झालं, शर्यतीचा त्यांना शौक नाही, बस आणि पंपावर कारखाना चालतोच आहे. माझं तसं नाही. मला एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत न्यायचंय. हे गॅरेज, ही गाडी, हा फेब्रुवारी. यानंतर मी कधी खोटं बोलणार नाही. हे मराठीत लिहितोय, म्हणजे फक्त मलाच माहीत. आणि मामींना. पण त्या इतके दिवस गप्प आहेत, पुढेही राहतील. त्यांनीही नवऱ्याला सांगितलं नव्हतंच की. त्यांचंही तोंड बांधलेलंच.

सही केली. शाई पसरली थोडी. सही करताना हात जड झाला वगैरे काही नाही, भर्रकन झाली.

कागद वाळत घातलाय डायरीवर, म्हणून हे तिरकं लिहावं लागतंय. रत्नाकर येतीलच आता.

खाली काहीतरी गडबड. वॉचमन कोणाशी तरी हुज्जत घालतोय, बायकांना वर सोडत नाही म्हणतोय. या जिन्यावर आजवर एकही बाई चढलेली नाही, खाणावळवालीसुद्धा डबे खालीच ठेवते.

रत्नाकरांचाही आवाज येतोय. तेही खालीच अडकलेत, कोणाला तरी विचारतायत, "तुम्ही? इथे?"

वॉचमनने आता माझ्या नावाने हाक मारली. एग्मोरच्या कारखान्यातल्या बाई आल्यात म्हणतोय, राजसबाई, एकट्याच, आणि साहेबांनाही बरोबर घेऊन वर येतायत.